थीम पार्कच्या ट्रिपला कॅमेऱ्याची कोणती लेन्स न्यायची? लातूर-नांदेड-संभाजीनगरकडून निघणाऱ्यांसाठी सविस्तर

सुट्ट्या लागल्या की आपल्याकडच्या गाड्या जास्त करून दोन दिशांना पळतात, संभाजीनगर-जालना-बीडवाले खोपोलीच्या इमॅजिकाकडं आणि लातूर-नांदेड-उदगीरवाले हैदराबादच्या रामोजीकडं. आणि निघायच्या आठवडाभर आधी ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली लेन्स आहे, आता अजून एखादी घेऊ का, झूम मोठा घेऊ का, दुकानदार ७०-३०० घ्या म्हणतोय, घेऊन टाकू का. तर माझं उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे: दिवसभर कॅमेऱ्यावरून न काढायची एक झूम लेन्स, आणि अंधार पडल्यावर लावायची एक छोटी, उजेड जास्त ओढणारी लेन्स. दोनच. तिसरी नेली की ती बॅगेत बसून राहते आणि खांदा मात्र तुमचा दुखतो. आता ह्या दोन कोणत्या, हे तुमच्या कॅमेऱ्यावर, सोबतच्या माणसांवर आणि पार्कवर ठरतं, तेच खाली नीट सांगायचा प्रयत्न करतो.

आधी पार्क आणि माणसं बघा, लेन्स नंतर

इमॅजिका २०१३ ला सुरू झालं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेपासून जवळच. तिथं बाहेरून फोटो घेण्यासारखं काय आहे तर नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर, ज्याच्या सीटखाली फळीच नाही, माणसं पाय लोंबकळत बसतात आणि खाली उभ्या असलेल्याला त्यांची तोंडं आणि उडणारे केस सगळं दिसतं, मग स्क्रीम मशीनचा तो झुलणारा अवाढव्य लोलक, राजासोरसची बोट जी शेवटी उतारावरून धाडकन पाण्यात येते, आणि संध्याकाळची परेड. सलीमगढ, डीप स्पेस, मिस्टर इंडिया हे सगळे बंद जागेतले, अंधारातले प्रकार. तिथं कॅमेरा काढायचाच नाही, राईडवर सुट्या वस्तू नेऊ देत नाहीत आणि ते आपल्याच भल्यासाठी आहे, वरून पडलेली लेन्स खालच्या माणसाच्या डोक्यात बसते. म्हणून 'राईडच्या आतले फोटो काढायला कोणती लेन्स' हा प्रश्नच डोक्यातून काढून टाका. तुमचं काम खाली उभं राहून किंवा लाईनमध्ये असताना आहे.

रामोजीचं गणित वेगळं आहे. १९९६ ला सुरू झालेली, १६६६ एकरावर पसरलेली फिल्म सिटी, जगातला सगळ्यात मोठा स्टुडिओ म्हणून गिनीजमध्ये नाव. तिथं बसमधून फिरायचं, उतरायचं, बघायचं, परत चढायचं. खोटे रस्ते, राजवाड्याचे दर्शनी भाग, बागा, बाहुबलीचा सेट. म्हणजे इथं लांबच्या झूमपेक्षा रुंद लेन्सचं काम जास्त, कारण मागचा सेटही आला पाहिजे आणि पुढं उभी असलेली आपली माणसंही.

शिर्डीला चालले असाल तर साई तीर्थमध्ये बहुतेक सगळं आतल्या शोंचं आहे आणि शेजारी वेट एन जॉयमध्ये सगळं पाण्याचं, त्यामुळं तिथं मोठा कॅमेरा नेऊच नका, मोबाईल वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घाला आणि मजा करा. आणि कुठंही जायचं असलं तरी निघायच्या आधी पार्कला एक फोन लावून विचारा की मोठा कॅमेरा चालतो का, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक चालते का. हे नियम सगळीकडं वेगळे आणि बदलतेही असतात, अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांनी तर २०१५ पासून सेल्फी स्टिक बंदच केलीय. गेटवर जाऊन वाद घालण्यात सकाळचा चांगला उजेड वाया जातो.

आता माणसं. क्रूझर करून बारा जण चाललेत, त्यात आज्जी, दोन मावश्या आणि चार पोरं, तर तुमचे अर्धे फोटो ग्रुपचे असणार. नवरा-बायको आणि तीन वर्षांचं लेकरू असेल तर सगळा दिवस त्या लेकराच्या मागं पळण्यात जाणार. कॉलेजची पोरं असतील तर राईडचे फोटो पाहिजेत. तिन्हींची लेन्स एकच नसते.

घरातलेच जुने फोटो उघडा

हे कुणी करत नाही आणि हेच सगळ्यात कामाचं आहे, फुकटही आहे. मागच्या लग्नाचे, मागच्या ट्रिपचे, तुम्ही स्वतः तुमच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो कॉम्प्युटरवर घ्या, एखाद्या फोटोवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स बघा, तिथं फोकल लेंथ (लेन्सचा एमएमचा आकडा, लहान म्हणजे रुंद, मोठा म्हणजे जवळचं), अपर्चर (लेन्सचं भोक, 'एफ' पुढचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), शटर (ते किती सेकंद उघडं राहिलं) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती वाढवून घेतो, जास्त वाढवला की दाणे दिसतात) सगळं लिहिलेलं असतं. आवडलेले फोटोच बघा, सगळे नको. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स बहुतेक १८-५५ एमएमची असते. जर बहुतेक फोटो १८ एमएमला अडकलेले दिसले तर तुम्हाला रुंदीची गरज आहे, ५५ ला अडकलेले दिसले तर तुम्ही कायम अजून जवळ जायला धडपडताय. आणि संध्याकाळचे हललेले फोटो उघडून शटर बघा, एक भागिले पंधरा, एक भागिले वीस असं काहीतरी दिसेल. त्या फोटोत तुमचा हात थरथरला असं तुम्हाला वाटत असतं, खरं तर लेन्सला उजेड पुरला नाही म्हणून शटर तेवढं हळू झालं.

थोडं गणित, पण कामाचं

आपल्याकडं बहुतेकांचे कॅमेरे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे कॅननची चार आकडी डीएसएलआर, आर५०, निकॉनची डी३५००, डी५६००, झेड५०, सोनीची ए६४००, झेडव्ही-ई१०. ह्यांचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे जुन्या रीळाच्या फोटोएवढ्या मोठ्या सेन्सरपेक्षा, लहान, त्यामुळं लेन्सवरच्या आकड्याला निकॉन-सोनीत १.५ नं आणि कॅननमध्ये १.६ नं गुणायचं, मग कळतं फुल फ्रेमवर ती किती एमएमसारखी दिसली असती. ५० ची लेन्स ७५-८० सारखी दिसते, म्हणजे बऱ्यापैकी जवळची.

हे कामून सांगायलोय? कारण अंतर. क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३.५ एमएम असते (कॅननची थोडी कमी). किती मागं जावं लागेल ते काढायला समोरच्या गोष्टीची रुंदी गुणिले लेन्सचा आकडा भागिले २३.५ करा. आठ जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले की साधारण चार मीटर होतात. १८ एमएमनं ते चारही मीटर फ्रेममध्ये बसवायला तुम्हाला तीन मीटर मागं जावं लागतं, ३५ नं सहा मीटर, आणि ५० नं साडेआठ मीटर. आता रविवारच्या गर्दीत गेटपुढं साडेआठ मीटर मोकळी जागा ठेवून दाखवा, मधून शंभर माणसं जातील. म्हणून 'एकच ५० ची घेऊन जातो, फोटो भारी येतात' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. फोटो भारी येतात खरे पण एकट्या माणसाचे.

उलटं गणित झूमचं. कोस्टरचा डबा तुमच्यापासून ४० मीटरवर आहे, चार जणांची एक रांग साधारण तीन मीटर, ती अर्ध्या फ्रेममध्ये यावी असं वाटतं तर फ्रेम सहा मीटरची पाहिजे, मग चाळीस गुणिले साडेतेवीस भागिले सहा, आले १५७. म्हणजे १३५-१५० पर्यंतचा झूम असला की काम होतं, थोडं क्रॉप करून घ्यायचं. ३०० एमएम लागतच नाही, आणि ३०० वर त्या वेगानं जाणारी गाडी फ्रेममध्ये धरून ठेवणं नवख्याला जमत नाही, आकाशच हाती लागतं.

दिवसाची लेन्स

इथं मी ठाम आहे: ज्यांच्याकडं आत्ता फक्त १८-५५ आहे आणि पैसे खर्च करायचेत त्यांनी १८-१३५ किंवा १८-१४० च्या जातीची एक लेन्स बघावी. कॅनन डीएसएलआरला १८-१३५, निकॉन डीएसएलआरला १८-१४०, सोनीला १८-१३५, कॅननच्या नव्या मिररलेसला (डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेला कॅमेरा) १८-१५०. दुकानात बॉडीसोबत डबल किट म्हणून १८-५५ आणि ५५-२५० अशी जोडी देतात, कागदावर ती जास्त लांब जाते पण पार्कात लेन्स बदलत बसणं ही फार त्रासाची गोष्ट आहे. पोरगं कोस्टरवरून हात हलवतंय तेव्हा तुमच्या एका हातात एक लेन्स, दुसऱ्या हातात दुसरी, मागचं झाकण तोंडात, आणि बॉडी उघडी. त्यात आपल्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा आत गेला की सेन्सरवर डाग बसतात आणि पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात तोच काळा ठिपका दिसतो.

ज्यांना लांबचं काही नको, फक्त घरची माणसं आणि सेट, म्हणजे रामोजीवाले, त्यांना १७-७० किंवा १८-५० ची एफ २.८ वाली झूम जास्त आवडेल. सिग्माची १८-५० एफ २.८ ही मिररलेससाठीची लेन्स साधारण २९० ग्रॅमची आहे, गळ्यात कॅमेरा अडकवून दिवसभर फिरलं तरी मान अवघडत नाही. टॅमरॉनची १७-७० एफ २.८ थोडी मोठी पण स्टॅबिलायझेशनवाली, म्हणजे हाताची थरथर सावरणारी. ह्यातली एखादी घेतली तर संध्याकाळची वेगळी लेन्स नसली तरी निभतं. फुल फ्रेमवाल्यांनी २४-१०५ नाहीतर निकॉन झेडची २४-१२० लावावी आणि विषय संपवावा.

आणि ज्यांना पैसे खर्चच करायचे नाहीत त्यांनी १८-५५ घेऊन बिनधास्त जावं. दिवसाच्या उजेडात एफ ८ ला ती लेन्स इतकी चांगली आहे की घरच्या मोठ्या प्रिंटलाही कमी पडत नाही. कमी पडते ती सूर्य मावळल्यावर, त्याचं खाली येतंच.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घरात फोटो काढणारा माणूस फोटोत कधीच नसतो. दहा वर्षांचे अल्बम उघडले तर बापाचा पत्ता नाही, किंवा जिच्या हातात कॅमेरा ती आई नाही. दिवसाची लेन्स अशी पाहिजे की कॅमेरा भाच्याच्या हातात देऊन, 'हे फिरव आणि हे दाब' एवढंच सांगून तुम्ही पळत जाऊन ग्रुपमध्ये उभं राहू शकाल. झूम लेन्सनं ते जमतं. म्हणून मी झूमच्या बाजूनं एवढं बोलायलोय.

संध्याकाळची छोटी लेन्स

साडेसहा-सात वाजता लाईट लागतात, परेडचे कपडे चमकतात, सगळ्यात सुंदर फोटो याच वेळेला असतात आणि सगळ्यात जास्त खराबही याच वेळेला होतात. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, झूम केल्यावर एफ ५.६ वर जाते. एफ २.८ ची लेन्स तिच्यापेक्षा चौपट उजेड घेते, एफ १.८ ची जवळजवळ दहापट. हा दहापटीचा आकडा फोटोत कसा दिसतो ते बघा: आयएसओ ३२०० ला एफ ५.६ वर शटर एक भागिले साठ येत असेल तर नाचणारी माणसं, त्यांचे हात, सगळं ओढल्यासारखं पुसट येतं, त्याच जागी एफ १.८ वर एक भागिले पाचशे मिळतं आणि नाचणाऱ्याची उडालेली गिरकी जागच्या जागी थांबते. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन इथं कामाला येत नाही, ते तुमचा हात सांभाळतं, समोरचा हलणारा माणूस नाही. हा गैरसमज लई जणांचा आहे.

कोणती घ्यायची तर क्रॉप सेन्सरला ३५ एफ १.८ ही माझी पहिली पसंती, ५० नाही, कारण वरचं अंतराचं गणित. निकॉनची डीएक्स (म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीची) '३५ एफ १.८जी' जुन्या बाजारातही चांगली मिळते. सोनी-फुजीवाल्यांना सिग्माची ३० एफ १.४ आहे. कॅनन डीएसएलआरवाल्यांना २४ एफ २.८ ची पातळ बिस्किटासारखी लेन्स मिळते, उजेड थोडा कमी पण रुंद. कॅननची ५० एफ १.८ एसटीएम सगळ्यात स्वस्त आणि १६० ग्रॅमची, बजेट तेवढंच असेल तर तीच घ्या पण परेडच्या वेळी रस्त्याच्या कडेला पहिल्या रांगेत न बसता दोन-तीन पावलं मागं थांबा, नाहीतर माणसाचं नुसतं तोंडच येईल.

एक सांभाळायचं. एफ १.८ वर ५० एमएमनं दोन मीटरवरून फोटो काढला तर क्रॉप सेन्सरवर साधारण ११-१२ सेंटीमीटरच जाडीची पट्टी फोकसमध्ये असते. एवढंच. ताई पुढं आणि भाऊजी अर्धं पाऊल मागं, की भाऊजी पुसट. दोघांचा किंवा जास्त जणांचा फोटो असेल तर एफ ४ वर या आणि आयएसओ वाढू द्या, दाणेदार फोटो चालतो, पुसट चेहरा नाही चालत.

काय नेऊ नये

७०-२०० एफ २.८ लग्नात ठीक आहे, किलो-दीड किलो वजन घेऊन रोलर कोस्टरच्या लाईनमध्ये उभं राहायचं नसतं. १०-१८ किंवा १०-२० सारखी अतिरुंद लेन्स रामोजीला मोहात पाडते, पण आता बऱ्याच मोबाईलच्या मागं १३ एमएमच्या आसपासचा (फुल फ्रेमच्या हिशोबात) रुंद कॅमेरा असतोच, दिवसाच्या उजेडात तो छान काम करतो, एका ट्रिपसाठी वेगळी लेन्स कशाला. शिवाय अतिरुंद लेन्सच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस ताणला जातो, आणि ग्रुपच्या टोकाला उभ्या असलेल्या काकूंना तो फोटो आवडत नाही. ट्रायपॉड घरीच. मोबाईलला चिमट्यानं लावायच्या लेन्सा येतात त्याही घरीच.

पोलरायझर फिल्टर मात्र छोटा आहे, दुपारच्या पाण्यावरची चमक कमी करतो, आकाश गडद करतो, न्यायला हरकत नाही. फक्त तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून ऊन उतरलं की काढून खिशात. घेताना लेन्सच्या तोंडावर काट मारलेल्या गोलाच्या खुणेपुढं लिहिलेला आकडा बघून घ्या, ४९, ५२, ५८, जो असेल तो.

विकत, जुनी की भाड्यानं

आधी माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जिथं बसते ती खाच, जुळतंय का बघा. निकॉनची डी३००० आणि डी५००० ह्या घराण्यातल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळं ५० एफ १.८ डी ही स्वस्तात मिळणारी जुनी लेन्स लावली तर फोटो येतो पण फोकस हातानं करावा लागतो, पळत्या पोरामागं ते होत नाही. नावात 'जी' असलेली ५० घ्या. आणि निकॉनच्याच नावात 'एएफ-पी' असलेल्या लेन्स डी९०, डी३२००, डी५१०० असल्या जुन्या बॉडींना चालत नाहीत, पैसे देण्याआधी हे बघा. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या आर मालिकेला ॲडॅप्टर लावून नीट चालतात, उलटं मात्र होत नाही.

एकाच ट्रिपसाठी असेल तर भाड्यानं घ्या. गावातल्या लग्नाच्या फोटो स्टुडिओवाल्यांकडं लेन्सा असतात, लग्नाची तिथी नसलेल्या दिवसांत ते देतात, ओळख लागते आणि डिपॉझिट लागतं. ऐन लगीनसराईत मागू नका, त्यांचा पोटाचा धंदा आहे.

जुनी घेताना किंवा भाड्याची ताब्यात घेताना असं करा. दोन्हीकडची झाकणं काढा, मोबाईलचा टॉर्च लावून मागच्या काचेतून तिरका उजेड टाका आणि पुढून आत बघा. थोडी धूळ दिसणारच, तिच्यानं काही बिघडत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फांद्या फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स परत ठेवा, भाव कितीही कमी असू द्या. काच दुधट धुरकट दिसली तरी नको. मग झूमची रिंग पूर्ण फिरवा, मध्ये अडकते का, करकर येते का. लेन्सचं तोंड खाली धरून थोडं हलवा, झूम आपोआप घसरत असेल तर चालायला त्रास नाही पण भाव कमी करून मागा. शेवटी स्वतःच्या बॉडीवर लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक फोटो सगळ्यात मोठ्या अपर्चरला आणि एक एफ १६ ला काढा, अपर्चरची पाती अडकली असतील तर दुसऱ्या फोटोत कळतं. हे सगळं दुकानातच, घरी येऊन नाही.

सराव आपल्या जत्रेत

नवी लेन्स थेट पार्कात नेऊ नका. आपल्याकडं सरावाला जत्रेसारखी जागा नाही. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, संभाजीनगरला नवरात्रात कर्णपुऱ्याची, नांदेडकडं माळेगावच्या खंडोबाची. आकाशपाळणे, ब्रेकडान्स, रंगीत बल्ब, गर्दी, धूळ, पळणारी पोरं, थीम पार्कात जे येणार ते सगळं तिथं आहे. संध्याकाळी छोटी लेन्स लावून जा. पाळणा वर जाताना आणि खाली येताना असे दोन-चार फोटो घ्या, खाली येणाऱ्या पाळण्यातल्या माणसाचा चेहरा तुमच्याकडं असतो तेव्हाच बटण दाबायची सवय लागते. मग त्याच पाळण्याचा एक भागिले चार ठेवून, कॅमेरा बॅरिकेडवर टेकवून फोटो काढा, दिव्यांच्या वळणदार रेघा येतात, ट्रायपॉडची गरज पडत नाही. एलईडीच्या माळांखाली कधीकधी फोटोत आडवे पट्टे येतात, खास करून मिररलेसवर सायलेंट शटर चालू असलं की. तसं दिसलं तर सायलेंट बंद करा आणि शटर एक भागिले शंभर किंवा पन्नासवर आणा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून हे आकडे जुळतात.

जत्रेचा हंगाम नसेल तर घरच्या पोराला संध्याकाळी गल्लीतल्या दिव्याखाली सायकल चालवायला लावा.

ट्रिपच्या दिवशी

रात्रीच्या प्रवासानं सकाळी पोचलात तर अंगातली झोप जायच्या आत गेटवरचा ग्रुप फोटो उरकून घ्या, ऊन तिरपं असतं, कपडे स्वच्छ असतात, पोरं रडलेली नसतात. कॅमेरा शटरच्या मोडवर ठेवा, कॅननवर टीव्ही, निकॉन-सोनीवर एस, आकडा पाचशे, आयएसओ ऑटो आणि कमाल मर्यादा ६४००. माणसांसाठी एवढं सेटिंग दिवसभर पुरतं. कोस्टर आणि पाण्याच्या राईडसाठी एक हजार किंवा वर, फोकस सतत चालणारा, म्हणजे कॅननचा एआय सर्व्हो (मिररलेसवर नुसता सर्व्हो) आणि बाकीच्यांचा एएफ-सी, आणि बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरलं की लागोपाठ फोटो, चालू.

राजासोरसच्या बोटीचं सांगतो. एकदोन बोटी नुसत्या बघायच्या, कुठून दिसते, कुठं आदळते, पाणी किती वर आणि कुठल्या बाजूला उडतं. मग आपली माणसं बसलेली बोट यायच्या आधी उताराच्या खालच्या टोकावर फोकस लावून ठेवायचा, साधारण ७० ते १०० एमएम, पुढं पाण्यासाठी जागा सोडून. बोट दिसली की बटण दाबून ठेवा, पाणी आदळायच्या क्षणाआधीचा फोटो सगळ्यात चांगला असतो, कारण तेव्हा सगळे ओरडत असतात आणि तोंडं अजून पाण्यामागं गेलेली नसतात. आणि उभं राहताना जमीन बघा, ओली असेल तर पाणी तिथपर्यंत येतंच.

दुपारी बारा ते तीन उगाच फोटो काढू नका. डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली काळी खळगी पडतात, टोपीवाल्याचं तर अर्धं तोंड काळं. काढायचाच असेल तर सावलीत घ्या, नाहीतर कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश दिवसाच उघडा, शटर एक भागिले दोनशेवर (सोनीच्या ए६४०० वर एकशेसाठवर) आणा, चेहरा उजळतो. फ्लॅश वापरताना लेन्सचा हूड (तोंडावर लावायचं प्लॅस्टिकचं कडं) काढा, रुंद बाजूला असताना हूडची गोल सावली फोटोत खाली पडते. एरवी मात्र हूड लावूनच ठेवा, ऊन अडवतो आणि गर्दीत कुणाच्या बॅगेचा कोपरा काचेला लागू देत नाही.

स्नो पार्क, एसीची बस, एसीचं हॉटेल, इथून दमट बाहेरच्या हवेत आलं की काचेवर वाफ धरते. खोपोलीकडची पावसाळी हवा आपल्यासारखी कोरडी नाही, तिथं हे जास्त होतं. कॅमेरा बॅगेत बंद ठेवूनच बाहेर या, पंधरा-वीस मिनिटं बॅग उघडू नका. घाईनं रुमालानं पुसत बसलं तर वाफ परत परत येते आणि काचेवर चरे पडतात ते वेगळं.

राईडवर जाताना कॅमेरा लॉकरमध्ये नाहीतर ज्याला चक्कर येते, जो बसणारच नाही अशा माणसाच्या हातात. प्रत्येक घरात असा एक काका असतो आणि ट्रिपमधला सगळ्यात उपयोगी माणूस तोच असतो, त्याला सकाळीच झूम शिकवून ठेवा.

परेडच्या अर्धा तास आधी बसून, मांडीवर बॅग ठेवून, धूळ नसलेल्या कोपऱ्यात लेन्स बदला. बॉडीचं तोंड खाली धरून बदलायची. बॅटरी दुसरी घाला, मिररलेसची बॅटरी डीएसएलआरपेक्षा लवकर उतरते आणि नेमकी नाच सुरू झाल्यावर उतरते. दिव्याखालून परेड कुठून जाते ते बघून तिथं थांबा, अंधाऱ्या वळणावर नको, भारी लेन्सलाही उजेड लागतोच.

रूमवर आल्यावर

पुढच्या काचेवर हवा मारायचा रबरी ब्लोअर, मग मऊ कापड. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा कधीही मारू नका, त्यात तेल आणि पाणी असतं. पाणी उडालं असेल तर कॅमेरा पुसून बॅग रात्रभर उघडी ठेवा. कार्ड लगेच लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा, कार्ड मात्र घरी पोचेपर्यंत पुसू नका, दोन ठिकाणी फोटो असले म्हणजे मन निवांत. भाड्याची लेन्स असेल तर दोन्ही झाकणं आणि हूड मोजून पाऊचमध्ये टाका, परत देताना बहुतेक वेळा तेवढंच कमी निघतं आणि डिपॉझिटमधून कापलं जातं. आणि फॅमिलीच्या ग्रुपवर टाकताना फोटो म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर व्हॉट्सॲप त्याला दाबून एवढासा करतं, मग गावाकडं आज्जीला प्रिंट काढून द्यायची म्हटलं तर स्टुडिओवाला मूळ फाईल मागतो आणि ती तोपर्यंत कुणाकडंच उरलेली नसते.